परदेशीं गेलेले दोन कारागीर

वाचावें : प्रेषितांचीं कृत्यें १८:१–४, २ करिंथ ८:१–५.



"आम्ही स्वतःच गरीब, आम्ही दुसऱ्याला काय देणार?" हे शब्द खेड्यांतील मंडळ्यांत आम्हांस वारंवार ऐकूं येतात. पौलानें ज्या मासेदोनियाच्या मंडळ्यांची वाखाणणी केली, त्या श्रीमंत नव्हत्या. परंतु द्रव्य देण्यापूर्वीं त्यांनीं स्वतःस प्रभूला देऊन टाकिलें होतें. तशीच गोष्ट सुमारें सतराशें वर्षांनंतर एका लहान गांवीं घडली. तिचा आज आपण विचार करूं.

जर्मनी देशांत साक्सनी प्रांतीं हर्नहुट नांवाचें गांव आहे. मोराविया प्रांतांत विश्वासामुळें छळलेले लोक घरदार सोडून तेथें आले, व १७२२ सालीं झिंझेंडॉर्फ नामक सरदाराच्या जमिनीवर त्यांनीं तें वसविलें. त्यांतील बहुतेक हातावर पोट असलेले कारागीर होते. १७३१ सालीं हा सरदार डेन्मार्कच्या राजाच्या राज्याभिषेकास कोपनहेगनास गेला असतां त्यास अँटनी नांवाचा एक गुलाम भेटला. वेस्ट इंडीजमधील सेंट थॉमस बेट तेव्हां डेन्मार्कच्या ताब्यांत होतें, आणि अँटनीची बहीण व भाऊ तेथें गुलामगिरींत दिवस कंठीत होतीं. अँटनीनें हर्नहुटास येऊन त्यांचें दुःख मंडळीपुढें मांडिलें. त्यानें हेंही बजाविलें कीं, गुलाम पहांटेपासून रात्रीपर्यंत मळ्यांत राबतात. जो त्यांच्याबरोबर राबेल, त्यालाच त्यांच्याशीं बोलावयास सवड मिळेल.

हें ऐकून लेओनार्ड डोबर हा कुंभार व डेव्हिड निचमान हा सुतार जावयास सिद्ध झाले. २१ ऑगस्ट १७३२ रोजीं ते गांवांतून निघाले. "तुम्ही तेथें खाल काय?" असें कोपनहेगनांत त्यांस विचारण्यांत आलें, तेव्हां गुलामांत गुलाम होऊन राबूं, असें त्यांनीं सांगितलें. गोऱ्या मनुष्यास तसें करूं देणार नाहींत, असें कळल्यावर सुतारकीवर दोघांचें पोट भरूं, असें निचमान म्हणाला. त्यांनीं स्वतःस गुलाम म्हणून विकिलें, अशी एक कथा पुष्कळ ठिकाणीं सांगतात. परंतु तसें घडलें नाहीं. खरी हकीकत साधी आहे, आणि साधी आहे म्हणूनच आपणांस अनुसरतां येण्याजोगी आहे.

१३ डिसेंबर १७३२ रोजीं ते बेटावर उतरले. निचमानच्या हत्यारांवर दोघांचा निर्वाह चालला; कुंभारकामास योग्य माती डोबरला मिळाली नाहीं. १७३३ सालीं निचमान परतला व डोबर एकटा उरला. तेव्हां बेटाच्या गव्हर्नरानें त्यास आपल्या घरचा कारभारी नेमिलें. चांगलें अन्न, चांगली खोली, सर्व कांहीं मिळालें. परंतु ज्यांच्यासाठीं आलों त्यांच्यापासून आपण दूर गेलों, हें ओळखून त्यानें ती जागा सोडिली, व राखणदारी करून तो गुलामांच्या सान्निध्यांत राहूं लागला. बंधूंनो, हें दुसरें निघणें पहिल्याहून कठीण होतें! आपलें गांव एकदां सोडितां येतें. मान व सुख मात्र रोज सोडावें लागतें.

पुढें हें काम केवळ बाहेरच्यांनीं चालविलें नाहीं. गुलामगिरींतून मुक्त झालेली रिबेका नामक एक तरुण कृष्णवर्णीय स्त्री मळ्यामळ्यांतून फिरून स्त्रियांस शिकवूं लागली. लोकांचें सुखदुःख ती जाणत होती, म्हणून तिचा शब्द त्यांच्या अंतःकरणांत उतरला. प्रचारक बंधूंनो, आपल्या कामाची योग्यता येथें ओळखा.

परंतु या इतिहासांत एक काळीकुट्ट रेघ आहे, तीही आम्ही झांकीत नाहीं. थोड्याच वर्षांनीं त्याच मिशननें तेथें मळा विकत घेतला, व त्याबरोबर गुलामही घेतले. जे गुलामांसारखें राबावयास आले होते, त्यांच्या मागून येणारे गुलामांचे धनी झाले! ३ जुलै १८४८ रोजीं गुलामांनीं स्वतः उठून मागितल्यावर त्या बेटांवरील गुलामगिरी संपली. सेवेस निघालेला मनुष्य खर्चाची सोय पाहतां पाहतां मालक कसा होऊन बसतो, याचा हा इशारा होय.

म्हणून आपण शेजारच्या वस्तींत जावों किंवा समुद्रापलीकडे जावों, स्वतःस एवढें विचारावें : आपण तेथें पाहुणे म्हणून जातों, धनी म्हणून जातों, कीं सेवक म्हणून? ज्या घरीं एकच भाकरी आहे, तेथें आपल्यासाठीं कोंबडी कापूं देऊं नये. आपला शिधा आपण न्यावा. त्यांची पेरणी चालू असल्यास आधीं पाभर धरावी, मग पुस्तक उघडावें. त्यांस शिकविण्यापूर्वीं त्यांचें ऐकावें. अँटनीचें हर्नहुटानें ऐकिलें, म्हणूनच वाट सांपडली. आणि ज्याच्या हातीं द्रव्य नाहीं, त्याच्या हातीं कांहींना कांहीं कसब खचित आहे. पौलाला तंबू शिवणें येत होतें, निचमानला करवत चालवितां येत होती. आपणांस काय येतें, तें प्रभूपुढें ठेवावें.

जो श्रीमंत असून आपल्यासाठीं दरिद्री झाला, तो आपल्या गरीब मंडळ्यांस दुसऱ्यांचे सेवक करो. आमेन.