मंदिर आणि मंडळी
(पेत्राचे पहिले पत्र, अध्याय २, ओवी ५)



चांदा व गडचिरोलीच्या वनप्रदेशात ज्या मंडळीस दगडी मंदिर नाही, जी कुडाच्या भिंतींआड किंवा मोहाच्या सावलीत उपासनेस जमते, ती नागपूरची जुनी मंदिरे पाहून कधी कधी खिन्न होते. तिजसाठी आम्ही आज थोडा इतिहास सांगतो.

सन १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन मंडळीत मोठी फूट पडली. वाद असा की, गावास पाळक कोणी द्यावा, जमीनदाराने की मंडळीने? जमीनदाराची निवड मंडळीवर लादू नये, असे म्हणणाऱ्या साडेचारशेंहून अधिक पाळकांनी वेतन, राहते घर व मंदिर ही सर्व सोडली. कित्येक जमीनदारांनी नव्या मंदिरास जागा नाकारली. तेव्हा लोक उघड्या माळावर उपासनेस जमले. मुंबईचे डॉ. जॉन विल्सन त्यांसच मिळाले. या फ्री चर्चनेच स्टीफन हिस्लॉप यांस पाठविले व १८४५ साली ते भोसल्यांच्या नागपुरास आले. तेव्हा नागपूरच्या प्रेस्बिटेरियन कार्याचा पाया, विवेकापायी ज्यांची मंदिरे गेली, अशा लोकांनी घातला, हे ध्यानात धरा.

हिस्लॉपसाहेबांनी शाळा काढली, आणि गोंड बांधवांची भाषा व गीते आदराने लिहून घेतली. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना रात्री पुराच्या ओढ्यात त्यांचा अंत झाला. त्यांची टिपणे १८६६ साली छापून निघाली. त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ साली उघडले.

पुढे काय झाले? स्कॉटलंडात १९०० साली फ्री चर्चचा मोठा भाग दुसऱ्या एका प्रेस्बिटेरियन मंडळीशी एक झाला, आणि १९२९ साली ज्या मंडळीतून फुटून निघाले होते तिच्याशी त्यांचा पुन्हा समेट झाला. इकडे १९२४ साली प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या मिळून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झाली. चांद्याचे मिशन स्कॉटलंडचेच, परंतु बिशप मानणाऱ्या एपिस्कोपल मंडळीचे. पितृदेश एक, प्रभु एक, तरी मेजे दोन! अखेर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच सहा मंडळ्यांचे ऐक्य होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. भिंती त्याच राहिल्या, दारावरचे नाव मात्र बदलत गेले.

यावरून आम्ही काय शिकावे? भिंतीस तुच्छ मानू नका. कौले गळत असतील तर पावसाळ्यापूर्वी शाकारा. पूर्वजांच्या घामाचा तो ठेवा आहे. परंतु जेथे मंदिराच्या जागेवरून भाऊ भावास कचेरीत खेचतो, तेथे छप्पर शाबूत असूनही घर पडलेच. प्रेषित पेत्र विश्वासणाऱ्यांसच घराचे दगड म्हणतो. दगडास दगडाचा आधार असतो. खालचा सरकला की वरचा ढळतो. म्हणून ज्याच्याशी अबोला आहे, त्याच्या दारी या रविवारापूर्वी जा.

आणि कुडाच्या घरात जमणाऱ्या बंधूंनो, तुम्ही उणे नाहीत. माळावर भिजत उभ्या राहिलेल्या मंडळीचे तुम्ही वारस आहात. कोनशिला जो ख्रिस्त, तो तुम्हांस एकत्र बांधो. आमेन.