उजेडाला धरलेली टेप

थांबा जरा.

पडद्यावर एक लेख उघडा आहे. मराठी विकिपीडियासाठी कुणीतरी मनापासून लिहिलेला. विषय आहे क्वीन या ब्रिटिश बँडचा अल्बम, ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’. नोव्हेंबर १९७५ मध्ये आलेला. बारा गाण्यांचा.

लिहिणाऱ्यानं लिहिलं आहे. आता फक्त तपासायचं आहे. घाई नाही.

एक श्वास घ्या. सावकाश सोडा.

बाहेर अंजूरची रात्र आहे. भिवंडीच्या गोदामांकडे निघालेला एखादा ट्रक गिअर बदलतो. त्याचा आवाज लांब लांब जातो. मग भातखाचरांतले बेडूक पुन्हा ऐकू येतात. खाडीकडून वारा येतो. त्याला चिखलाचा वास आहे.

ऐका. हे सगळं ऐकून होऊ द्या.

आता हेडफोन चढवा. गाणं अजून लावू नका. कानांत आधी काहीच नसू द्या.

आणखी एक श्वास.

आता एक टेप मनासमोर आणा.

कॅसेटमधली बारीक फीत नव्हे. स्टुडिओतली, दोन इंच रुंद, तपकिरी. प्लॅस्टिकची पातळ पट्टी, तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचा थर. आवाज त्या थरातल्या कणांत राहतो. एकाच पट्टीवर, शेजारी शेजारी, चोवीस वाटा.

याच अल्बममधल्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चं ध्वनिमुद्रण चालू आहे. वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत त्याची सुरुवात झाली आहे.

बँडमधले तीन गळे गातात. मधला फ्रेडी मर्क्युरीचा. वरचा रॉजर टेलरचा. खालचा ब्रायन मेचा.

गाऊन होतं. टेप मागे फिरते. त्या गाण्यावर पुन्हा तेच तिघे गातात. टेप मागे फिरते. पुन्हा तिघे. तिघांचा जमाव होतो.

प्रत्येक फेरीला टेप यंत्राच्या हेडवरून घासत जाते. प्रत्येक फेरीला थर कणभर झिजतो.

मग एके दिवशी कुणीतरी ती उजेडाला धरतं. आणि तिच्यातून पलीकडचं दिसतं.

इथे थांबा.

तपकिरी पट्टी. तिच्यातून येणारा उजेड. थर विरत आला आहे, आणि आवाज अजून तिच्यातच आहे.

बघत राहा. काही करायचं नाही. नुसतं बघत राहा.

आता लेखाकडे या. सावकाश या.

लेखात हाच प्रसंग एका वाक्यात आहे. ‘टेप पारदर्शक झाली होती.’

वाक्य सुंदर आहे. पुन्हा वाचा. मग स्वतःला हळूच विचारा: हे कोण बोलतं आहे?

उजेडाला धरलेली टेप आपण पाहिलेली नाही. लेख लिहिणाऱ्यानंही नाही. ब्रायन मे यांनी ती आठवण सांगितली आहे. मग त्यांचं नाव वाक्यात येऊ द्या. ‘टेपमधून पलीकडचं दिसू लागलं होतं, असं मे यांनी सांगितलं आहे.’ शेवटी संदर्भ जोडा.

वाक्य थोडं लांबलं. त्याची चमक थोडी उतरली. असू द्या. ज्याची आठवण, त्याचं नाव तिच्याबरोबर राहायला हवं.

अंजूरला हे वेगळं सांगावं लागत नाही. हे गंगाजी नाईक अंजूरकरांचं गाव. १७३७ ते १७३९ मधल्या मराठ्यांच्या वसईच्या मोहिमेतली त्यांची धडपड आज आपल्यापर्यंत पोचते, कारण कुणीतरी ती लिहिली, कुणीतरी ते लिहिलेलं जपलं. नकलून घेणाऱ्याची नजर एका ओळीवर ढळली असती, तर तेवढं गाव आपल्या हातून निसटलं असतं.

एका ओळीवर नजर ठेवा. तेवढंच काम आहे.

श्वास घ्या.

आता गाणं लावा. ‘गुड कंपनी’. डोळे मिटा.

उकुलेले वाजते आहे. छोटी, हलकी. तिच्या मागून हळूहळू जुन्या धाटणीचा जाझ बँड येतो. क्लॅरिनेटसारखं काही. ट्रॉम्बोनसारखं काही. कुणीतरी गालात हवा भरून फुंकतं आहे, असं कानाला वाटतं.

लेखात तसंच लिहिलं आहे. ‘या गाण्यात क्लॅरिनेट आणि ट्रॉम्बोन यांचा वापर केला आहे.’

पुन्हा ऐका. फक्त त्या स्वरांची सुरुवात ऐका. फुंकर कुठे आहे? वादकाचा श्वास कुठे आहे?

नाही. तिथे तार आहे.

तो अख्खा बँड म्हणजे ब्रायन मेची गिटार आहे. त्यानं आणि त्याच्या वडिलांनी घरी बनवलेली, शेकोटीच्या जुन्या चौकटीचं लाकूड वापरून. एकेक वाद्य वेगळं वाजवून, थरावर थर चढवून त्यानं तो उभा केला आहे.

आता तिसऱ्यांदा ऐका. कानाला क्लॅरिनेटच ऐकू येते, मनाला तार कळते. दोन्ही एकत्र राहू द्या. मला या कामात सर्वांत मोठा आनंद इथे मिळतो: एक शब्द दुरुस्त करायला बसावं आणि माहीत असलेलं गाणं पुन्हा नवं व्हावं.

घाईनं दुरुस्त करू नका. आनंद पुरता होऊ द्या.

मग लिहा. ‘गिटार.’

पुढे विशेषणं आहेत. अजरामर. अद्वितीय. युगप्रवर्तक.

एकेकाजवळ थोडं बसा. प्रेमानंच लिहिलेली आहेत ती. ‘अजरामर’ हलकेच उचला, बाजूला ठेवा. वाक्य पुन्हा वाचा.

काय उरलं?

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी आलं. लांबी पाच मिनिटं पंचावन्न सेकंद. ब्रिटनच्या यादीत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर.

नऊ आठवडे. हे दोन शब्द मनात म्हणून बघा. बाहेर पानं गळताहेत, मग नाताळ, मग नवं वर्ष, आणि रेडिओवर तेच गाणं. विशेषण होतं तेव्हा हे दिसत नव्हतं.

आता अवघड वाक्य.

‘पाचगणीच्या डोंगरांतच या संगीताचं बीज पडलं.’

छाती भरून येते ना? येऊ द्या. आपल्या मातीचं नाव आहे.

पाचगणी डोळ्यांसमोर आणा. वाईहून पसरणीचा घाट चढतो, हवा थंड होत जाते. वर सेंट पीटर्स शाळा. तिथे झांझिबारमध्ये जन्मलेला फारुख बलसारा शिकतो आहे. पियानोवर बोटं फिरवतो आहे. शाळेतल्या मित्रांबरोबर ‘हेक्टिक्स’ नावाच्या बँडमध्ये वाजवतो आहे. पुढे जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणणार आहे.

घाटाच्या पायथ्याशी वाई. तिथे पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी मराठी विश्वकोशाची उभारणी करतात. पहिला खंड १९७६ साली येतो, या अल्बमच्या मागोमाग.

एकच घाट. वर पियानो, खाली नोंदी. बघत राहा, किती जवळ आहेत.

आणि आता वाक्याकडे परत या. पाचगणीत तो शिकला, हे खरं. पियानो वाजवत होता, हेही खरं. पण बीज? ते कुणी पाहिलं? या बारा गाण्यांतलं कुठलं तिथे रुजलं, याला कागद कुठे आहे?

आपलं प्रेम हा पुरावा होत नाही.

हे मनात थोडं दुखतं. दुखू द्या. श्वास चालू राहू द्या.

पाचगणी पुसायची नाही. तिला तिच्या जागी न्यायचं. गायकाच्या लेखात, बालपणाच्या परिच्छेदात, शाळेच्या नावासह. तिथे ती ठामपणे उभी राहते. इथे ती ओढून आणलेली आहे.

वाक्य निवडा. कापा. त्या लेखात नेऊन बसवा.

आता मन उघडं ठेवून पुन्हा टेपकडे बघा. तपकिरी पट्टी, उजेड. लेखही तशीच टेप आहे; आपण फिरवलेला प्रत्येक हात तिच्यावरून गेला आहे. आवाज आहे का अजून? लिहिणाऱ्याचं प्रेम ऐकू येतं का?

नसेल येत, तर एक शब्द त्याचा त्याला परत द्या. फार घासलं असेल आपण.

आता ऐकायचं शेवटचं गाणं. ‘लव्ह ऑफ माय लाइफ’.

मधे हार्प येते. लेखात तिच्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही. ती सलग वाटते, पाण्यासारखी येते. पण ती ब्रायन मेनं एकेक स्वरमेळ वेगळा वाजवून, तुकडे जोडून बनवली आहे.

जोड ऐकू येतो का? कान देऊन बघा. पुन्हा लावा. हवं तर आणखी एकदा.

मग लेखातल्या या गाण्याच्या परिच्छेदाखाली नवी ओळ सुरू करा. ‘या गाण्यातली हार्प ब्रायन मे यांनी वाजवली आहे. तिचे स्वरमेळ सुटे मुद्रित करून नंतर जोडलेले आहेत.’ संदर्भ जोडा. झलक पाहा. वेलांट्या तपासा.

बदल प्रकाशित करा.