मोहाखालची राख

भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तीन नद्या एकत्र येतात. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं की आलापल्लीकडचा रस्ता तुटतो, आणि पुष्कळदा त्याबरोबर वीज आणि फोनची रेंजही जाते. या तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मी मार्चअखेरीस दोन दिवस राहिलो होतो. तिथल्या सरांकडे काच तडकलेला एक जुना फोन होता. त्यात सिमकार्ड नव्हतं, तरी सातवी-आठवीची दहा-बारा मुलं त्याला चिकटून बसली होती. त्या फोनात अख्खा मराठी विकिपीडिया होता.

ही सोय करणाऱ्या ॲपचं नाव किविक्स. इमॅन्युएल एंगेलहार्ट आणि रेनो गोडँ यांनी २००७ मध्ये ते काम सुरू केलं. सगळे लेख दाबून एका फाइलीत बसवलेले असतात. रेंज असेल तिथे ती एकदा उतरवून घ्यायची, मग रानात बसूनही शोधून वाचता येतं. चित्रांसह इंग्रजीची फाइल शंभर जीबीच्या आसपास जाते. मराठीची त्या मानानं चिमुकली आहे, साध्या फोनात मावते. सरांनी आधी इंग्रजीची एक मोठी फाइल मेमरी कार्डावर टाकून पाहिली आणि दोन संध्याकाळी वाया घालवल्या. कार्ड जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेलं असेल तर चार जीबीहून मोठी फाइल त्यावर बसतच नाही, हे त्यांना मागाहून कळलं.

अशी फाइल दाखवली की लोक पहिल्यांदा विचारतात, ‘असं उतरवून घेतलेलं चालतं का? ही चोरी नाही ना?’ प्रश्न विचारावासा वाटतो, हेच मला मोलाचं वाटतं. पाठ्यपुस्तकांच्या चोरट्या पीडीएफ पेन ड्राइव्हवरून गावोगाव फिरतात, तेव्हा तो फारसा कुणी विचारत नाही. विकिपीडियाचं उत्तर सरळ आहे. घ्या, वाटा, छापा, विकलंत तरी चालेल. अटी दोनच: लिहिणाऱ्यांना श्रेय द्या, आणि त्यात भर घालून पुढे द्याल तर याच मोकळ्या परवान्यानं द्या. म्हणजे मिळालेलं आपल्यापाशी अडवून ठेवायचं नाही. सरांनी ही अट मुलांना एका वाक्यात सांगितली होती: वहीत उतरवलंत तर खाली कुठून घेतलं ते लिहायचं. प्रत्येक वहीत ते लिहिलेलं मी पाहिलं.

दुसरा प्रश्न शिळेपणाचा. केतकरांच्या ज्ञानकोशाचे तेवीस खंड किंवा वाईच्या विश्वकोशाचा १९७६ चा पहिला खंड हातात घेतला, तर कागदाचा वासच वय सांगतो. फोनातली फाइल जुनी झाली तरी काल केल्यासारखी चकचकीत दिसते. २०१४ च्या सुरुवातीची प्रत असेल तर ती महाराष्ट्रात ३५ जिल्हे सांगेल, कारण पालघर त्याच वर्षी १ ऑगस्टला झाला. जिल्ह्याचं चुकलं तर एक गुण जाईल. औषधाच्या मात्रेचं चुकलं तर काय जाईल? फाइलीवर तारीख असते. ती मोठ्यानं सांगणं हे फाइल देणाऱ्याचं काम आहे, कारण घेणाऱ्याला ती पाहायची असते हेच पुष्कळदा माहीत नसतं.

मला सगळ्यात जास्त छळलं ते मात्र तिसऱ्या प्रश्नानं, आणि तो एका मुलीनं विचारला. ती मोहाबद्दल वाचत होती. वाचून झालं आणि तिनं विचारलं, ‘सर, यात राखेचं का नाही?’

राख कसली, ते तिनंच सांगितलं. मोहाची फुलं पहाटे गळतात. पालापाचोळ्यात ती दिसत नाहीत, म्हणून आधी झाडाखालचा पाला जाळतात. काळ्या जमिनीवर फिकट पिवळं फूल लांबूनही ओळखू येतं. वनखात्याची याला हरकत असते, वणवे लागतात म्हणून. त्यामुळे तिची आजी चहूबाजूंनी पट्टा झाडून घेते आणि मगच काडी लावते.

सर म्हणाले, ‘या फोनातून दुरुस्ती करता येत नाही.’

ते ऐकून माझ्या काळजात चर्र झालं. ज्या ग्रंथात कुणीही वाचक हात घालू शकतो, म्हणून जो उभा राहिला, त्याची पुलापलीकडे पोचणारी प्रत फक्त वाचण्यापुरतीच उरते. शहरातला मुलगा चूक दिसली की सुधारतो. या मुलीला ज्ञान पोचलं, पण तिच्याकडचं ज्ञान यायला वाट नाही. आणि रेंज असती तरी अडचण होतीच. विकिपीडियावर आधी प्रसिद्ध झालेला आधार मागतात. तो नियम मला योग्य वाटतो, त्याच्याविना कुणीही काहीही लिहील. पण आजीच्या आधाराला पान क्रमांक नसतो. जिथे आजवर कुणी लिहून घेतलं नाही, तिथलं खरंही बाहेर राहतं. ज्यांना लिहिता-छापता येतं त्या आपल्यासारख्यांवर हे जुनं देणं आहे, आणि मोफत फाइल वाटून ते फिटत नाही.

सरांनी एक वाट काढली. आपण स्वतः काढलेला फोटो विकिपीडियाच्या चित्रसंग्रहात, म्हणजे विकिमीडिया कॉमन्सवर, देता येतो, त्याला तसा आधार लागत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही तिच्या आजीच्या झाडाखाली गेलो. आजी टोपलीत फुलं वेचत होती. मुलीनं तोच फोन घेतला, उकिडवी बसली आणि काळ्या राखेवर पडलेल्या फुलांचे तीन फोटो काढले. आजीचा चेहरा येऊ दिला नाही, तिला आवडत नाही म्हणाली. श्रेयात कुणाचं नाव घालायचं असं सरांनी विचारलं तेव्हा तिनं गावाचं नाव सांगितलं. सर म्हणाले, ‘काढलेस तू, तुझ्या घरच्यांना विचारून ठरवू.’

शनिवारी ते आलापल्लीला जाणार होते. फोन परत देताना तिनं विचारलं, ‘सर, पुढच्या फाइलीत हे इथे परत येईल?’

‘कुणी लेखात लावलं तर येईल,’ सर म्हणाले, आणि जरा थांबून, ‘मीच लावतो.’