कंप कोणाच्या मालकीचा?

ज्ञान दिल्याने वाढते असे आपण मुलांना शिकवतो; पण ज्याच्या हाती मोलाची माहिती असते तो ती मुठीत धरून बसतो, हाच नित्याचा अनुभव. या मुठीला नैतिक आधार कितपत आहे, याचा विचार करताना मला भूकंपाच्या नोंदींचे उदाहरण आठवते. येथे जमीन एकाची हादरते, यंत्र दुसऱ्याचे हलते आणि अर्थ तिसऱ्यालाच उमगतो. मग ती नोंद कोणाची?

१८८९ च्या एप्रिलमध्ये जर्मनीतील पॉट्सडॅम येथे एर्न्स्ट फोन रेबॉय-पाश्विट्झ यांच्या नाजूक लंबकाने एक वेडीवाकडी रेषा काढली. जपानमधील भूकंपाचे वृत्त वाचनात आल्यावर तिचा उलगडा झाला. १८९७ साली आसाम हादरला. युरोपातील वेधशाळांनी टिपलेल्या त्याच्या लहरींवरून रिचर्ड ओल्डहॅम यांनी लहरींचे प्रकार वेगळे ओळखले. १९२९ साली न्यूझीलंडमध्ये धरणी कापली. तिच्या दूरदूरच्या नोंदी ताडून डेन्मार्कच्या इंगे लेमान यांनी १९३६ साली पृथ्वीच्या गाभ्यात आणखी एक गाभा असल्याचे मांडले. या नोंदी आपापल्या कपाटांत पडून राहिल्या असत्या, तर त्या मुक्याच राहिल्या असत्या.

१९६० नंतर अमेरिकेने जगभर शंभरावर ठाण्यांत एकाच जातीची यंत्रे बसवली. त्यांत पुणेही होते. मूळ हेतू इतरांचे भूमिगत अणुस्फोट हुडकण्याचा. परंतु नोंदींच्या छायाचित्रित प्रती संशोधकांना मिळू लागल्या. संशयाच्या पोटी औदार्य जन्मावे, हा मोठाच विनोद!

आज ही देवघेव संगणक करतात. मागणारा ठाण्याचे सांकेतिक नाव, यंत्राचा प्रकार आणि आरंभाची व शेवटची वेळ एवढेच कळवतो. युरोपात निरनिराळ्या देशांच्या नोंदी निरनिराळ्या केंद्रांत असतात. कोणती नोंद कोठे आहे हे सांगणारी एक वाटाड्या-व्यवस्था मागणी योग्य दारी नेते. बहुतेक नोंदी मागणाऱ्याचा देशधर्म न विचारता दिल्या जातात. आणि मधेच यंत्र बंद पडले असेल, तर तेवढी जागा रिकामी ठेवूनच नोंद हाती येते. नसलेले आहे म्हणून देऊ नये, हा दानधर्मातला नियम येथे यंत्रेही पाळतात.

यावर आक्षेप आहे, आणि तो हलका नव्हे. डोंगरावर बॅटऱ्या वाहून नेणारा, पावसाळ्यात तारा दुरुस्त करणारा एक. प्रबंधावर नाव दुसऱ्याचे. म्हणून तात्पुरत्या मोहिमांच्या नोंदी काही मुदतीपर्यंत मोहीम करणाऱ्यांपुरत्याच राखून मग खुल्या करण्याची रीत आहे. ठाण्यांच्या जाळ्यांना कायमचे ओळखक्रमांक दिले जातात, ते अशासाठी, की वापरणाऱ्याने देणाऱ्याचा उल्लेख करावा. श्रमाची ही कदर मला न्याय्य वाटते. पण राष्ट्रहिताच्या नावाखाली नोंदी कायमच्या दडवणे मात्र मला पटत नाही. मोठ्या कंपाची लहर सरहद्दीवर परवाना मागत नाही. आपण जी रेषा लपवतो ती शेजाऱ्याच्या यंत्राने केव्हाच काढलेली असते.

तरीही मालकीचा प्रश्न उरतोच. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयना हादरली, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी. किल्लारीत मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती निजलेल्या माणसांवर कोसळल्या आणि त्या परिसरात हजारो माणसे गेली. या कंपाचे मोल त्यांनी प्राणांनी चुकते केले. त्या रेषेवर पहिला हक्क कोणाचा असेल तर तो त्यांच्या मागे उरलेल्यांचा. मात्र त्यांना रेषा नको असते; न पडणारी भिंत हवी असते.

म्हणून मला वाटते, येथे मालक कोणीच नाही. सारेच ऋणकरी आहेत. नोंद ठेवणाऱ्याने ती मागेल त्याला द्यावी, हे ऋण फेडण्याची पहिली पायरी झाली. घेणाऱ्याने ती अभ्यासून प्रबंध लिहिला, ही दुसरी. पण त्या अभ्यासातून निघालेला शहाणपणा जेथून कंप आला त्या गावच्या गवंड्याच्या हाती पोचेपर्यंत खाते मिटले असे मी मानणार नाही.