झाकलेले सत्य आणि दया

लोक घाबरतील म्हणून सत्य थोडे झाकून ठेवावे काय? करोनाच्या लशीने हा प्रश्न उभा केला. पुण्यास कोविशील्ड नावाने झालेली ॲस्ट्राझेनेकाची लस अत्यंत क्वचित् रक्तात गाठी करू शकते, हे युरोपच्या औषध-संस्थेने ७ एप्रिल २०२१ रोजीच सांगितले होते. आपल्याकडे पुष्कळांच्या कानी पडले ते 'लस सुरक्षित आहे' एवढेच. पुढे २०२४ साली विलायतेच्या कोर्टात कंपनीने तेच मान्य केल्याची बातमी आली, आणि माणसे म्हणाली, 'अहो, फसवले की!'

आता विवेक करा. कावळा बसला नि फांदी मोडली, हा काकतालीय न्याय. लशीनंतर घडले ते सारे लशीमुळे, असे नव्हे. पण जे खरोखर लशीमुळे घडते, तेही सांगितलेच पाहिजे. आणि कितींत किती, हेही. पुष्कळ वाचले, थोड्यांना इजा झाली, हे दोन्ही एकाच तोंडाने बोलावे. पूर्वपक्ष दडवून सिद्धान्त टिकत नाही.

ज्या घरचा जीव गेला, त्या घराची 'क्वचित्' या शब्दाने समजूत पटत नाही. तिथे आकडा पुढे करू नये, जवळ बसावे. झाकणे ही दया नव्हे. धीर देऊन खरे सांगणे, ही दया.