सत्य सांगा, नाते तोडू नका

निकाहनाम्यावर पित्याचे नाव लिहिण्याची वेळ येते, किंवा घरातील कर्त्याच्या निधनानंतर वारसाहक्काचा प्रश्न निघतो, आणि अनेक वर्षे झाकून ठेवलेली गोष्ट उघडी पडते: ज्यांना आपण अम्मी-अब्बा म्हणत आलो, त्यांनी आपल्याला जन्म दिलेला नाही. मुलाला वाटते, आपली फसवणूक झाली. पालकांना वाटते, आपली माया वाया गेली. नातलग म्हणतात, हा आपल्यातला नव्हताच. पाहता पाहता घर दुभंगते.

अशा वेळी हजरत जैद बिन हारिसा (रजि.) यांचे जीवन डोळ्यांसमोर आणावे. बालपणी ते पळविले गेले, गुलाम म्हणून विकले गेले आणि हजरत खदीजा (रजि.) यांच्यामार्फत पैगंबर मुहम्मद (स.) यांच्याकडे आले. वडील शोध घेत मक्केत पोहोचले, तेव्हा प्रेषितांनी (स.) निर्णय जैद (रजि.) यांच्यावरच सोपविला. त्यांनी प्रेषितांजवळ (स.) राहणे पसंत केले. प्रेषितांनी (स.) त्यांना पुत्र मानले आणि लोक त्यांना 'जैद बिन मुहम्मद' म्हणू लागले.

पुढे सूरह अल्-अहजाबमध्ये आदेश आला, त्याचा आशय असा: मानलेल्या मुलांना त्यांच्या खऱ्या पित्याच्या नावाने संबोधा, पिता ठाऊक नसेल तर ते तुमचे धर्मबंधू आहेत. जैद (रजि.) पुन्हा 'बिन हारिसा' झाले. पण जिव्हाळा तसूभरही कमी झाला नाही. हिजरी 8 मध्ये मुअताच्या मोहिमेचे पहिले सेनापतिपद त्यांनाच मिळाले, आणि प्रेषितांनी (स.) अखेरच्या दिवसांत त्यांचे पुत्र उसामा (रजि.) यांच्या हाती सैन्य सोपविले. नाव बदलले, माया बदलली नाही. कारण त्या घरात काही लपविलेलेच नव्हते.

म्हणून पालकांनो, अनाथाचा सांभाळ हे मोठे पुण्य आहे. त्यावर असत्याचा पडदा टाकू नका. मूल समजू लागताच त्याला प्रेमाने सत्य सांगा. दुसऱ्याच्या तोंडून कळलेले सत्य घाव घालते. शरीअतनुसार ते वारस ठरत नाही, म्हणून हयातीतच हिबा करा किंवा एक तृतीयांशापर्यंत वसीयत करून ठेवा. त्याला उघड्यावर सोडू नका.

मुलांनो, सत्य लपविले गेले याचे दुःख खरे आहे. पण तापात उशाशी जागलेल्या रात्रीही खऱ्याच आहेत. माणसांचे आभार न मानणारा अल्लाहचेही आभार मानीत नाही, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. जन्मदात्यांचा शोध लागला तर त्यांच्याशीही नाते जोडा; एका घराचा हक्क देण्यासाठी दुसऱ्या घराचे दार लावू नका.

आणि नातलगांनो, एखाद्याच्या जन्माचा टोमणा मारू नका. आईबापाची निवड कोणीही स्वतः करीत नाही.

अल्लाह आपल्याला सत्य बोलण्याचे धैर्य आणि ते पेलण्याचे औदार्य देवो. आमीन.