तळाची शाळा कुणाची?



शाळांची उतरंड लावायचं काम सध्या जोरात आहे. केंद्र सरकार राज्यांना गुण देतं, जिल्ह्यांना गुण देतं. राज्य सरकार शाळांच्या स्पर्धा लावतं, पहिल्या आलेल्यांना लाखांची बक्षिसं वाटतं. याद्या छापून येतात. वर कोण, खाली कोण, हे वाचून लोक पान उलटतात. सरकारी शाळांची अशी तुलना करणं न्यायाचं आहे काय, आणि असेल तर कोणत्या अटीवर, एवढाच प्रश्न इथं घेतो आहे.

या याद्यांच्या डोक्यावर एक शब्द असतो : गुणवत्ता. हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. 1981 साली गुजरातेत राखीव जागांविरुद्ध रान पेटवलं गेलं, 1990 साली मंडलच्या वेळी शहरांतले रस्ते अडवले गेले, तेव्हा हाच शब्द फलकांवर होता. त्यातली हातचलाखी अशी, की एखाद्याला पिढ्यान् पिढ्या जे मिळालं ते त्याचा गुण म्हणून दाखवायचं, आणि दुसऱ्याला जे नाकारलं ते त्याचा दोष म्हणून दाखवायचं. तेव्हा ही फूटपट्टी पोरांना लावली होती. आता ती पोरांच्या शाळेला लावली जाते.

दोन शाळा घ्या. एक तालुक्याच्या गावाला लागून. बाप पगारदार, आई शिकलेली, घरी संध्याकाळी पोराचं दप्तर उघडून बघणारं कोणीतरी आहे. दुसरी बीड जिल्ह्यातल्या एखाद्या तांड्यावरची. दिवाळी झाली की कोयते बांधून माणसं उसाच्या फडावर निघतात, ती उन्हाळ्यात परत येतात. हंगामी वसतिगृह झालं तर पोरं मागं राहतात, नाही तर आईबापाच्या मागं जातात. दोन्ही शाळांना एकच चाचणी, एकच गुणपत्रक. दुसरीचे गुण कमी पडले म्हणून तिथला मास्तर कमी पडला असं कोणत्या तर्कानं म्हणायचं? कदाचित तोच जास्त राबत असेल. यादी शाळेच्या नावानं लागते, पण तिच्यात मोजलेलं असतं गावाचं दारिद्र्य.

मग आपल्यातले काही मित्र म्हणतात, ही मोजदादच प्रस्थापितांची आहे, ती बंद करा. हे मला पटत नाही. 2011 च्या ऑक्टोबरात सरकारनं राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी केली, तेव्हा कागदावर असलेली आणि बाकावर नसलेली पोरं ठिकठिकाणी सापडली. त्यांच्या नावावर तुकड्या चालल्या, शिक्षकांची पदं निघाली, अनुदान उचललं गेलं. मोजलं म्हणून हे कळलं. ज्याचं लुबाडलं जातं त्यालाच मोजणीची गरज जास्त असते. आणि मास्तर दुपारीच गाडीला किक मारून निघून जात असेल, पाचवीतल्या पोराला दुसरीचा धडा वाचता येत नसेल, तर तो गरिबांचा मास्तर आहे म्हणून झाकून ठेवायचं नाही. त्या झाकण्यात आपल्याच पोरांचं नुकसान आहे.

बाबासाहेबांनीही मोजलं होतं. मार्च 1927 मध्ये मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या खर्चावर ते बोलले, ते भाषण प्रत्येक कार्यकर्त्यानं वाचावं. कोणता जिल्हा पहिला, कोणती शाळा उत्तम, हे त्यांनी विचारलं नाही. पोरं कुणाची, हे विचारलं. सरकारनंच लोकसंख्येचे चार गट केले होते. त्यांचे आकडे त्यांनी सभागृहापुढे मांडले. प्राथमिक शाळेत प्रगत हिंदूंमध्ये दर हजारी 119, मुसलमानांमध्ये 92, मधल्या हिंदूंमध्ये 38 आणि मागासांमध्ये 18. लोकसंख्येत मागासांचा क्रम दुसरा, शाळेत शेवटचा. लगेच दुसरा हिशेब. सरकार शिक्षणावर दर माणशी 14 आणे खर्च करतं, आणि दारूच्या अबकारीतून दर माणशी 2 रुपये 2 आणे 9 पै गोळा करतं. जेवढं लोकांकडून दारूपोटी घेता, निदान तेवढं तरी त्यांच्या शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं. त्याआधी 1882 साली जोतीरावांनी हंटर कमिशनपुढे हेच सांगितलं होतं : पैसा रयतेच्या घामाचा, आणि शिक्षण वरच्यांच्या पोरांना.

या दोघांची मोजणी आणि आजची यादी यांत फरक काय? शर्यतीत जो मागं राहिला तो हरला, विषय संपला. सावकारीच्या नव्हे, न्यायाच्या हिशेबात ज्याची बाकी सगळ्यात मोठी, त्याला पहिल्यांदा देणं लागतं. जोतीराव आणि बाबासाहेब देणेकऱ्याचा हिशेब काढत होते आणि देणेकरी सरकार होतं. आजची यादी घेणेकऱ्यांचीच शर्यत लावते, आणि देणेकरी पंच होऊन शिट्टी वाजवतो.

आता सरकारचं गुणपत्रक बघा. 2020-21 च्या केंद्र सरकारच्या श्रेणी निर्देशांकात महाराष्ट्राला 1000 पैकी 928 गुण मिळाले. केरळ आणि पंजाबच्या बरोबरीनं आपण तेव्हा देशात वर होतो. त्या हजारात मुलं काय शिकली याला 180 गुण होते, आणि कारभाराच्या प्रक्रियांना 360. समतेसाठी 230 ठेवले होते, ते नाकारत नाही. पण पोराला वाचता येतं का, यापेक्षा कचेरीचा कारभार नीट चालतो का, याला तेव्हा दुप्पट वजन होतं. अशा 928 मध्ये तांड्यावरची शाळा कुठं दिसणार? सरासरी ही मोठी सोयीची वस्तू आहे. तिच्यात वरचा खालच्याला झाकतो.

बरं, तळाला सापडलेल्या शाळेचं पुढं काय होतं? 2017 साली कमी पटाच्या तेराशेच्या वर शाळा बंद करून शेजारच्या शाळांत घालायचं ठरलं. 2023 साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचा विचार पुढं आला. अशा शाळा राज्यात सुमारे 15,000. त्या असतात कुठं? पाड्यावर, तांड्यावर, डोंगरातल्या वाडीवर. शिक्षण हक्काच्या कायद्याप्रमाणं पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत पाहिजे. गाडी देऊ म्हणतात. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की गाडी येणार नाही. त्या दिवसापासून आधी पोरगी घरी बसणार, मग पोरगा.

शाळा तर शाहू महाराजांनीही बंद केल्या होत्या. 1917 साली त्यांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि 1919 साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडल्या. पण त्या मोडून अस्पृश्यांची पोरं सगळ्यांच्या शाळेत बसवली. एक दार लावलं ते मोठं दार उघडण्यासाठी. शाळा बंद करणाराला हाच प्रश्न विचारायचा : उघडलंस कोणतं दार? फेब्रुवारी 2024 मध्ये तर उलटंच झालं. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी शाळेनं 25 टक्के जागा गरिबांना द्यायची गरज नाही, असा नियम सरकारनं काढला. जुलै 2024 मध्ये उच्च न्यायालयानं तो रद्द केला. वाडीवरची शाळा पटावाचून मोडायची आणि शहरातल्या शाळेचं दारही लावायचं, हे दोन्ही एकाच सरकारच्या काळात सुचलं.

आता आपल्याकडे येऊ. आपल्यातल्या ज्यांना नोकरी लागली त्यांनी पोरं जिल्हा परिषदेच्या शाळेतून काढली. ही गद्दारी काय? मी तसं म्हणणार नाही. तत्त्वापायी आपलं पोर कच्चं ठेव, असं कुठल्या आईला सांगायचा हक्क कुणालाच नाही. हजारो वर्षं दार बंद असलेल्या माणसानं उघडं दिसलेलं पहिलं दार धरलं, त्यात पाप नाही. पण एक गोष्ट खरी. जो अर्ज लिहू शकतो, साहेबाच्या टेबलापुढं आवाज चढवू शकतो, तो बाप शाळेतून गेला की मागं राहतात ती ज्यांना जाता येत नाही त्यांची पोरं. पोर काढून नेता येतं. देणं काढून नेता येत नाही.

म्हणून कामाची गोष्ट. कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात पाऊण पालक आणि निम्म्या बाया पाहिजेत. बहुतेक गावांत ती वहीत असते आणि सह्या घरोघर फिरून घेतात. आपण वस्तीतल्या आयांना घेऊन तिथं बसायचं. यादी आली की तीन प्रश्न विचारायचे. यात आमच्या वस्तीची पोरं वेगळी मोजलीत का? तळाच्या शाळेला वरच्या शाळेपेक्षा जास्त काय दिलं, किती मास्तर, किती पैसा? नाही दिलं तर जबाबदार कोण, त्याचं पद सांगा. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकाला 2020 साली जागतिक पुरस्कार मिळाला, त्याचा आनंद आहेच. पण एका शाळेचं नाव दाखवून बाकीच्यांना लाज वाटायला लावायची, हे चालू द्यायचं नाही.

तुलना करा, जरूर करा. पण यादी वाचायची ती खालून. सगळ्यात खाली जिचं नाव, तिचं देणं पहिल्यांदा द्या. ते देत नसाल तर तुमची यादी म्हणजे गुणांच्या आकड्यांत मांडलेली जुनीच चातुर्वर्ण्याची पायरी आहे, आणि पायरी कशी मोडायची हे या चळवळीला नव्यानं शिकवायला नको.